चार वर्षांची नात, मिशीसकट

मी लिहिणं म्हणजे जरा आगाऊपणाच आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. तंजावरात आम्ही मराठी बोलतो ती घरापुरती. देवनागरी मी मोठेपणी, फोनवर बघून शिकलो. चुकलं तर सांभाळून घ्या. पण सेतुरावकाकांबद्दल कुणीतरी लिहायला हवं, आणि त्यांच्या घरी चार वर्षांची मुलगी होऊन बसलेला माणूस मी एकटाच आहे. मला मिशी आहे, हेही सांगून टाकतो.

काका राजवाड्यामागच्या गल्लीत राहतात. पुढच्या खोलीत बसून भातगिरण्यांसाठी, शाळांसाठी सॉफ्टवेअर लिहितात. मी त्यांच्या हाताखाली शिकतो. सुरुवातीलाच त्यांनी मला एक मोड्युल करायला दिलं. काम एवढंच, की कुणी नोंद पुसली तरी ती खरी पुसायची नाही, नुसती झाकायची. मागितली की परत आणायची. डेटाबेसातल्या कुठल्याही टेबलाला, म्हणजे नोंदींच्या तक्त्याला, जोडता यायला हवं, गिरणीच्या असो की शाळेच्या. मी केलं. तपासायला डेटाबेसची कटकट नको म्हणून कोडमध्येच टेबलाचं एक सोंग उभं केलं. सगळ्या चाचण्या हिरव्या झाल्या, म्हणजे पास.

"कशावर टेकवून बघितलास?" हा काकांचा ठरलेला प्रश्न.

"सोंगावर, काका."

"अय्यो! सोंग सगळ्याला हो म्हणतं रे. नको म्हणणारं काहीतरी पाहिजे की! मोड्युल एकटं उभं राहत नाही, त्याला टेकायला खरं टेबल दे. गिरणीचं नको, शाळेचं नको. चाचणीच्या डेटाबेसात आपलं एक बारीकसं बांध, टेकव, बघ, मग मोड."

बांधलं. एका नंबराच्या दोन नोंदी चालणार नाहीत, असं त्या टेबलाला सांगून ठेवलं. मग झाकलेली नोंद परत आणायला गेलो, तर तिच्या नंबरावर दुसरीच बसलेली. डेटाबेसने साफ नकार दिला. काकांनी टाळ्या पिटल्या. "नको म्हटलं बघ! नको म्हटलं!" कोडमधली चूक सापडल्यावर इतका खूष झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

ही टेकवून बघायची खोड कामापुरती नाही. नवी छत्री आणली की ते परसात उघडून उभे राहतात आणि मला वरून घागर ओतायला लावतात. पाऊस आपल्या सोयीने येणार आहे का, असं विचारतात.

त्यांची मुलगी पद्माअक्का परदेशात असते. नात त्यांनी फोनवरच पाहिलेली. तिला सगळे पाप्पा म्हणतात, तमिळमध्ये पाप्पा म्हणजे बाळ. अक्का येणार असं ठरलं, की काका खोलीत छोटा झोपाळा टांगायचे आणि तालमीसाठी मला पाप्पा करायचे.

"बस."

"तुटेल, काका."

"म्हणून तर तुला बसवतो. पाप्पा, दहीभात?"

"द्या."

"द्या काय, मूर्खा! मूल असं म्हणतं का? तोंड फिरव. हात झटक."

मी तोंड फिरवलं. मग केळं आलं, चकलीसारखं मुरुक्कू आलं, लाकडी हत्ती आला. मी नको नको म्हणत राहिलो आणि काका घाम पुसत नवनवीन युक्त्या काढत राहिले. मला भूक लागलेली असायची, पण ते कुणी विचारत नव्हतं.

एकदा मधेच त्यांनी विचारलं, "मी कोण, सांग?"

पाप्पाने काय म्हटलं असतं? मी म्हणालो, "ठाऊक नाही."

काका हातातला हत्ती फिरवत राहिले. "सेरी, बरं," ते म्हणाले. "असंही होईल की. धरून चालायला पाहिजे."

मग अक्काचा फोन यायचा. रजा मिळत नाही, पुढच्या खेपेला बघू. काका स्वतः स्टुलावर चढून झोपाळा सोडायचे. "चाचणी झाली. टेबल मोडलं," म्हणायचे आणि माझ्याकडे न बघता दोर गुंडाळत बसायचे. असं तीनदा झालं.

या वेळी मात्र सकाळी चेन्नईहून फोन आला, गाडीत बसलो म्हणून. आम्ही स्टेशनात तासभर आधीच जाऊन उभे. काकांच्या शर्टाला इस्त्री होती, हातात पिशवी. मी जरा मागे सरकलो.

"तिकडं का उभा रे?"

"माझं काम संपलं, काका. आता खरी पाप्पा येतेय. मला मोडायचं की."

"गप्प ये इकडं. दहीभाताचे डबे दोन आणलेत. एक तुला."

तेवढ्यात फोन वाजला. काकांनी तो काढला, बघितला आणि माझ्या हातात दिला.

"चष्मा विसरलो. वाच."

चष्मा नाकावरच होता. अक्काने तमिळ अक्षरांत, आपल्या मराठीत लिहिलं होतं. मी मोठ्याने वाचलं :

"पापनाशम स्टेशन सुटलं, आता तंजावरच. पाप्पा उठली. काही दिलं तरी नको नको चाललंय."