पाच हजार तीन

आमच्या शेजारच्या दत्तूकाकांना 'कसं काय?' असं विचारलं, की ते तब्येतीचं सांगत नाहीत. "बाकी उरली," म्हणतात. चेहरा असा, की घरात बारसं आहे.

ही भागाकारातली बाकी. काका परळीकडच्या एका कारखान्यात जन्मभर वजनकाट्यावर होते. निवृत्त होऊन गेवराईत आले आणि आल्या आल्या त्यांनी एक संख्या धरली: बावन्न कोटी एकोणचाळीस लाख एकोणसाठ हजार एकशे सत्त्याऐंशी. ही मूळ संख्या आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंच पूर्ण भाग जात नाही, असं त्यांचं म्हणणं.

"पण हीच कशाला?" मी विचारलं.

"काट्यावरचे सगळे आकडे शून्यावर संपायचे. दोनानं तुटायचे, पाचानं तुटायचे. एक तरी न तुटणारा पायजे का न्हाई?"

रोज सकाळी एका मूळ संख्येनं हातानं भागायचं. वहीचं एक पान. दोन, तीन, पाच, सात असं करत तेवीस हजारांच्या जवळ पोचलं की त्यापुढं तपासायची गरज नसते, सिद्ध झालं. सात वर्षांचं काम. काका गावभर "माझं मूळ" म्हणत हिंडायचे, त्यामुळे औषधाच्या दुकानदारानं एकदा त्यांना बाजूला घेऊन हळूच मलम दिलं.

"किती दिवसांचं हाय?"

"तिसरं वर्ष चालू हाय."

"मग बसता कसं, काका?"

"मांडी घालून."

परवा माझी मुलगी शीतल सुट्टीत आली. ती कॉम्प्युटर शिकते. काकांना बरं वाटावं म्हणून तिनं ती संख्या मशीनमध्ये घातली. उत्तर लगेच आलं.

"काका, पाच हजार तीननं भाग जातो."

"न्हाई जात. ते झालंय. बाकी शंभर."

त्यांनी वही काढली, पान काढलं. मी ओळ न् ओळ पुन्हा केली. शेवटच्या गुणाकारात शंभराची चूक होती. बाकी शून्य. पुढची साडेसहाशे पानं फुकट.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आधीच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात हिरव्या शाईत, वेगळ्या अक्षरात, उत्तराचा ताळा करून पाहिलेला होता. या पानापासून पुढं तो कुठंच नव्हता.

"हे कुणी केलंय?"

"हिनं."

काकूंना जाऊन दोन वर्षं होत आली.

"त्या दिवशी तिला बीडच्या दवाखान्यात नेलतं," काका म्हणाले. "मी बाहेर बाकड्यावर भागाकार केला. म्हणलं, घरी आली की करंल ताळा."

"मग पुढं तुम्ही का नाही केलात?"

"आपला ताळा आपुन करायचा नसतो. आपली चूक आपल्याला दिसत न्हाई."

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "काका, यापुढं ताळा मी करत जाईन."

"कशाचा?"

ते एक पान मागं गेले. चार हजार नऊशे नव्व्याण्णव. कोपऱ्यातल्या हिरव्या आकड्यांवरून बोट फिरवत राहिले. आम्ही उठलो, तरी त्यांनी वर पाहिलं नाही.