साडेचार बोटांचा हात

सोमवारी जेवताना सिनेमाला जायचं ठरलं आणि मंगळवारी सकाळपासून मामांचे गुडघे दुखायला लागले. बुधवारी त्यांना त्या थिएटरातले ढेकूण आठवले. गुरुवारी ते म्हणाले, "बाळ्या, जुने सिनेमे पुन्हा बघू नयेत रे. तेव्हा जे गोड वाटतं ते आता पांचट लागतं."

"मामा, तुम्ही? या सिनेमाबद्दल असं बोलता?" बाळ्याला खरंच धक्का बसला.

बाळ्या म्हणजे वय वर्षं सत्तेचाळीस, वजनमापं तपासणाऱ्या खात्यातला निरीक्षक. बाजारात तो नुसता कोपऱ्यावर दिसला तरी दुकानदार तराजू पुसायला घेत. त्याला बाळ्या म्हणायची हिंमत फक्त मामांची, कारण मामांनीच त्याला लहानाचं मोठं केलं होतं. बाकी सगळा गाव त्याला साहेब म्हणे, बायको 'अहो' म्हणे आणि आठ वर्षांची पिटुकली सरळ 'ए बाबा' म्हणे. आपणही साहेबच म्हणू, उगाच आपल्या तराजूत काही निघायला नको.

आणि सिनेमा म्हणजे खडखड्याचा. त्याचं खरं नाव लांबलचक होतं, ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. अंतराळात भरकटलेलं एक यान, त्यात चार माणसं आणि भांडी घासण्यापासून इंजिन दुरुस्त करण्यापर्यंत त्यांची सगळी कामं उपसणारा एक जुनाट यंत्रमानव. चालताना त्याचे सांधे वाजत, म्हणून पोरांनी त्याला खडखड्या नाव ठेवलं होतं. साहेबांनी तो सहाव्या वर्षी पाहिला, कारण मामा त्याच थिएटरात ऑपरेटर होते. त्याच वर्षी साहेबांचे वडील गेले. त्या वर्षातलं साहेबांना दुसरं काहीही आठवत नसे, वडिलांचा चेहरासुद्धा फोटोपुरताच. खडखड्या मात्र एकेका स्क्रूसकट आठवे.

तो शेवट साहेबांनी सांगितला नाही असा माणूस ओळखीत उरला नव्हता. बायकोला तर लग्नाआधीच्या पहिल्या भेटीतच सांगितला होता, आणि तरी तिनं होकार दिला, याचं मामांना अजून नवल वाटे.

"यानाचं दार आतून लागेना," साहेब सांगत. "मग खडखड्या बाहेर गेला, बाहेरून दार लावलं आणि स्वतः बाहेरच राहिला. लांब लांब जात नुसता ठिपका झाला. तेवढ्यात काळ्या आकाशातून एक हात आला. अवाढव्य! साडेचार बोटांचा! त्या हातानं सगळं झाकून टाकलं. अंधार. आपल्याला वाटतं, संपलं. आणि मग..." इथे साहेब टेबलावर बोटांनी वाजवत. "टक, टक, टक! खिडकीवर कोण? खडखड्या! आत आला, पायपुसण्यावर पाय पुसले आणि भांडी घासायला लागला."

"साडेचारच बोटं का?" पिटुकली विचारी.

"आकाशातल्या लोकांना तेवढीच असतात."

हे सांगणं चालू असताना मामा हटकून उठून पाणी प्यायला जात.

आता ते थिएटर डागडुजी होऊन पुन्हा उघडलं होतं आणि रविवारी सकाळी जुने सिनेमे लावत होतं. साहेबांना कधी एकदा लेकीला खडखड्या दाखवतो असं झालं होतं. अडचण एकच होती. पिटुकली कुठलंही पुस्तक शेवटच्या पानापासून वाची, आणि शेवटी कुणी मरत असेल तर पुस्तक मिटून परत कपाटात. सिनेमाचं शेवटचं पान आधी बघता येत नाही म्हणून ती आजवर सिनेमालाच गेली नव्हती.

"नक्की परत येतो?" तिनं शनिवारी अकराव्यांदा विचारलं.

"नक्की."

"लिहून दे."

साहेबांनी कागद घेतला, 'खडखड्या शेवटी परत येतो' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं, खाली सही केली, आणि कामाच्या पिशवीतला 'तपासले, बरोबर आहे' हा शिक्का त्यावर दाबून मारला. हा शिक्का त्यांनी वीस वर्षांत एकदाही चुकीच्या मापावर मारला नव्हता. पिटुकलीनं घडी करून तो कागद फ्रॉकच्या खिशात ठेवला. मामा तेवढ्यात पाणी प्यायला गेले.

रविवारी मामा अखेर आले, पण कडेची खुर्ची अडवून बसले. सिनेमा सुरू झाला. खडखड्या पहिल्यांदा खडखडला तेव्हा साहेबांनी लेकीचा हात इतका घट्ट धरला की तिला तो सोडवून घ्यावा लागला. अर्ध्यावर खडखड्या बाहेरचं काही दुरुस्त करायला गेला, त्याचा दोर तुटला, सगळे हळहळले आणि खिडकीवर आवाज आला. टक, टक, टक. खडखड्या आत आला, त्यानं पाय पुसले आणि भांडी घासायला घेतली.

"बाबा, टकटक झालीसुद्धा!" पिटुकली कुजबुजली.

"ही पहिली असेल. शेवटी आणखी एकदा आहे," साहेब म्हणाले.

शेवट आला. दार लागेना, खडखड्या बाहेर गेला, दार लावलं, लांब लांब गेला, ठिपका झाला. साहेब खुर्चीच्या टोकावर आले. आता हात येणार. आणि पडद्यावर हाताऐवजी ठळक अक्षरांत 'समाप्त' आलं आणि दिवे लागले.

लोक डोळे पुसत उठले. पिटुकली उठली नाही. तिनं खिशातून कागद काढला, उघडला आणि बाबाकडे पाहिलं.

"थांब. अजून आहे," साहेब म्हणाले.

दारवान आला. "साहेब, संपला."

"नाही संपला. शेवटचा भाग राहिलाय."

"अहो, समाप्त अशी पाटी आली की!"

"पाटी आली म्हणून माल पुरा भरला असं होत नाही," साहेब म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडात बसलेलं होतं.

मागच्या रांगेत एक वाणीणबाई होत्या. दोन वर्षांपूर्वी साहेबांनी त्यांच्या काट्यात नऊ ग्रॅमचा फरक काढला होता, तेव्हापासून त्यांचा साहेबांवर रागही होता आणि विश्वासही. "साहेब म्हणतात कमी आहे म्हणजे कमीच असणार," असं म्हणून त्या परत खाली बसल्या. त्यांच्या शेजारचे बसले. जिन्यापर्यंत पोचलेले माघारी फिरले. वाहनतळापर्यंत पोचेतो बातमी फुगून 'पाऊण तासाचा सिनेमा कापलाय' अशी झाली होती, आणि माणसं हेल्मेटं घालूनच आत आली. साहेबांनी खुर्चीवर उभं राहून राहिलेला शेवट सगळ्यांना समजावून सांगितला, हातासकट. झाडणाऱ्या दोन बायका झाडू भिंतीला टेकवून ऐकत बसल्या. इतक्यात पुढच्या खेळाच्या लोकांनी बाहेरून दार वाजवलं. टक, टक, टक! आतल्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

मॅनेजर घामाघूम होऊन आला. "साहेब, कंपनीकडून एकशे अठरा मिनिटांचा आलाय. एकशे अठरा मिनिटांचाच दाखवला."

"मी इथंच सहा वेळा पाहिलाय. माझे मामा इथं ऑपरेटर होते. विचारा त्यांना!"

सगळ्या माना मामांकडे वळल्या. मामा घोरत होते. घरात मामांना घोरताना आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

"मामा, उठा," साहेबांची बायको हळूच म्हणाली. "तुमची पापणी हलतेय."

मामांनी एक डोळा उघडला. त्या डोळ्याला समोर पिटुकली दिसली. ती रडत नव्हती. शिक्क्याच्या कागदाची घडी घालत होती, मग त्या घडीची घडी, मग आणखी एक. तिच्याशेजारी तिचा बाप उभा होता, आणि तोंड मात्र सहा वर्षांच्या पोराचं झालं होतं.

मामांनी दुसराही डोळा उघडला आणि ते ताडकन उठले. गुडघे अजिबात दुखत नव्हते.

"मला वर घेऊन चला," ते मॅनेजरला म्हणाले. "पाच मिनिटांत थिएटर रिकामं करून देतो."

ते गेले. वरच्या केबिनमधून थोडा वेळ मामांचा आणि हल्लीच्या ऑपरेटर मुलीचा आवाज येत राहिला. मग दिवे गेले. पडद्यावर पुन्हा खडखड्या दार लावून लांब चालला होता. ठिपका झाला. आणि बरोबर तेव्हा, साहेबांना आठवत होता अगदी तसा, काळ्या आकाशातून एक अवाढव्य हात वर आला आणि त्यानं सगळं झाकून टाकलं. सगळं थिएटर श्वास रोखून बसलं.

साहेबांनी सवयीनं मोजली. अंगठा, त्याच्याजवळचं, मधलं, त्यानंतरचं, आणि अर्धी करंगळी. याच हातानं त्यांना अक्षर गिरवायला शिकवलं होतं, आणि याच हातातून आज सकाळी त्यांनी चहाचा कप घेतला होता. उरलेली अर्धी मामांच्या तरुणपणी रीळ गुंडाळायच्या यंत्रात गेली होती, हेही त्यांना ठाऊक होतं. पण रोजच्या माणसाची बोटं कोण मोजतं?

हात बाजूला झाला. टक, टक, टक. खडखड्या आत आला, त्यानं पायपुसण्यावर पाय पुसले.

लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. "बघा, मी म्हटलं नव्हतं? कमीच भरला होता!" वाणीणबाई सगळ्यांना सांगत होत्या. साहेबांना मात्र पडदा नीट दिसत नव्हता.

जिन्यात मामा भेटले.

"मामा, हे काय केलं होतंत तुम्ही?"

"नवीन रिळं आली की मी आधी एकटा चालवून बघायचो," मामा म्हणाले. "शेवट बघितला आणि मला दरदरून घाम फुटला. तुला न्यायचं कबूल करून बसलो होतो. तुझा बाप जाऊन दोन महिनेसुद्धा झाले नव्हते, बाळ्या. दारावर कुणी वाजवलं की तू ताटावरून उठून पळायचास. आणि मी तुला तिथं नेऊन काय दाखवणार होतो? जो बाहेर गेला तो गेला, हे? ते माझ्यानं होईना. मग तो टकटकीचा तुकडा मधून कापला आणि शेवटाला जोडला. मधे समाप्तची पाटी येत होती, ती झाकायला यंत्राच्या भिंगापुढे हात धरला. तू त्याचा राक्षस करशील हे कुठं माहीत होतं!"

"आणि बाकीचे लोक?"

"ते खूश होते. पंचाईत अशी झाली की तू सहा दिवस रोज सकाळी आलास. मी सकाळी कापायचो आणि संध्याकाळी पुन्हा जागेवर जोडायचो. मालक बुचकळ्यात पडला. म्हणायचा, एकच सिनेमा, मग सकाळची माणसं हसत बाहेर येतात आणि संध्याकाळची रडत, हे काय गौडबंगाल आहे?"

साहेब हसले, आणि हसता हसता त्यांनी मामांचा तो हात दोन्ही हातांत धरला आणि जिन्यातच उभे राहिले. चाळीस वर्षांत त्यांनी तो असा कधी धरला नव्हता. मामा "अरे, माणसं बघतायत," म्हणाले, पण त्यांनी हात काढून घेतला नाही.

पिटुकली सगळं ऐकत होती. "म्हणजे आधी दाखवला तोच खरा शेवट होता," ती म्हणाली.

साहेबांनी आयुष्यात खोटं माप चालवून घेतलं नव्हतं. "हो," ते म्हणाले. "माझा शिक्का चुकला, बेटा. दे तो कागद. मी खोडून देतो."

पिटुकलीनं कागदाच्या सगळ्या घड्या एकेक करून उलगडल्या. शिक्का बघितला. मग मामाआजोबांच्या हाताकडे बघितलं, बाबाच्या ओल्या डोळ्यांकडे बघितलं आणि कागद पुन्हा खिशात ठेवून दिला.

"राहू दे," ती म्हणाली.

बाहेर खडखड्याच्याच पुढच्या खेळाची रांग खोळंबली होती. रांगेत पहिलाच उभा होता एक धिप्पाड, मिशाळ गृहस्थ. आजूबाजूला कुणी ऐकत नाही असं बघून तो पिटुकलीकडे वाकला. "काय गं, शेवट बरा आहे ना? मला ना, कुणी मेलं की फार त्रास होतो."

साहेब एक पाऊल मागे सरले. उत्तर पिटुकलीनं द्यायचं होतं.

तिनं खिशातून कागद काढून त्याच्यासमोर धरला. "परत येतो. हे बघा, शिक्कासुद्धा आहे," ती म्हणाली. "फक्त दिवे लागले तरी उठायचं नाही."

"मागे सांगा, दिवे लागले तरी उठायचं नाही!" मिशाळ गृहस्थ आनंदानं ओरडला, आणि निरोप रांगेतून पार फाटकापर्यंत गेला.

मॅनेजरनं ते ऐकलं. त्यानं कपाळाला हात लावला, मग वळून जिन्याकडे धावला.

"मामा! ओ मामा! घरी निघालात की काय?"