जमादार मामाजींचं कागदी सोनं

आमच्या मामाजींनी पोलिसात असताना चोर किती पकडले ते देव जाणे, पण रिटायर झाल्यापासून घरातला एकही कागद त्यांच्या हातून सुटला नाही. लग्नाची पत्रिका आली की लग्न कुठे आणि किती वाजता ते आम्ही पाठ करून ठेवायचं, कारण मुहूर्त उजाडायच्या आत त्या पत्रिकेचे मणी झालेले असायचे. हो, मणी. गळ्यात घालायचे.

मामाजी म्हणजे माझे सासरे. आर्वीत त्यांना सगळे जमादार म्हणायचे. धिप्पाड शरीर, भरघोस मिशा, आणि खाकरले तरी गल्लीतली कुत्री वाट बदलायची. असा हा माणूस सकाळचा चहा झाला की ओसरीत चटई टाकायचा आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून कागदाचे दागिने करत बसायचा! कागदाची लांब निमुळती पट्टी कापायची, खराट्याच्या काडीवर गुंडाळायची, टोकाला मैद्याची खळ लावून चिकटवायची आणि काडी ओढून घ्यायची. झाला मणी. मण्यांची बोरमाळ. सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीची ठुशी. कॅलेंडरच्या पुठ्ठ्याची बिंदी. लोकांचे सासरे रिटायर झाल्यावर भजनाला जातात, वावरात जातात, गेला बाजार पत्ते तरी कुटतात. आमच्या नशिबी हे आलं.

बरं, कागद मागावा, तर तेही नाही. ते जप्त करायचे. "सूनबाई, हा कागद जप्त!" एवढं बोलून उठायचे. एकदा साखरेची पुडी अर्धी भरलेली असताना जप्त झाली. साखर ताटलीत ओतून दिली आणि मुंग्यांचा बंदोबस्त माझ्याकडे. मी माहेराहून आणलेली नेलपॉलिशची एकुलती एक बाटली होती. लाजत लाजत कधीतरी लावायची. एक दिवस पाहते तर बाटली रिकामी आणि ओसरीत लालभडक मणी वाळत पडलेले.

"मामाजी, ते माझं होतं हो!"

"मले का मालूम? बिनवारशी पडून होतं," मामाजी म्हणाले. "पन चकाकी पाह्य, सूनबाई. सोनार झक मारन."

मी शाळेत मास्तरीण. एकदा सहावीच्या भूगोलाच्या उत्तरपत्रिका तपासायला घरी आणल्या आणि रात्री कपाटावर ठेवल्या. सकाळी गठ्ठा निम्मा! मी ओसरीत धावले. मामाजी शांतपणे शेवटचा मणी ओवत होते. त्या हाराच्या एका मण्यावर लाल शाईत 'गंगा' आणि पुढच्यावर 'दख्खनचं प' एवढंच वाचता येत होतं. मी कपाळावर हात मारून घेतला. हेडमास्तरांना काय सांगणार, उत्तरपत्रिका सासऱ्यांनी गुंडाळल्या? पोरांची परीक्षा पुन्हा घेतली. पोरं आजही मला भेटली की त्या दुसऱ्या पेपराबद्दल शिव्या घालतात, आणि घालू देत, माझी ना नाही.

आमचे हे, म्हणजे त्यांचे चिरंजीव, यात कधी पडले नाहीत. "बाबांचं असंच आहे," एवढं म्हणून पेपरात तोंड घालायचे. तोही पेपर जप्त व्हायच्या आत वाचायची घाई असायची म्हणा.

गल्लीतल्या बायांना मात्र या दागिन्यांचं भारी कौतुक. कुणाच्या पोरीचं लग्न ठरलं की आई आमच्या ओसरीत हजर. रुखवतात मांडायला जमादारांचा कागदी साज हवा. मामाजी द्यायचे, फुकट द्यायचे, पण आधी पोरीच्या आईची उलटतपासणी.

"पोरगा का करते?"

"मास्तर हाय जी, रोहण्याले."

"दारू पेते का?"

"नाई जी!"

"तुले काऊन मालूम? तू पाह्यलं का?"

बाई रडकुंडीला यायची. मी चहा घेऊन मध्ये पडायची तेव्हा कुठे सुटका. मग तिच्या हातात बोरमाळ ठेवून मामाजी म्हणायचे, "पोरीले सांगजो, पावसात घालू नोको."

गल्लीतल्या साऱ्या पोरींच्या रुखवतात त्यांचं सामान आणि स्वतःच्या पोरीचं नाव मात्र घरात काढायचं नाही! हे माझ्या डोक्यात जायचं. शोभा माझी नणंद. मी या घरात आले त्याच वर्षी तिने पुलगावच्या मिलमधल्या एका पोराशी कोर्टात लग्न केलं. पोरगा चांगला, निर्व्यसनी; फक्त जात वेगळी. मामाजींनी एका वाक्यात केस बंद केली. "ते या घराच्या रेकॉर्डवर नाई." सासूबाई आधीच गेलेल्या, त्यामुळे अपील करायलाही कुणी उरलं नाही. पुलगाव ते काय, आमच्या छोट्या रुळांच्या आगगाडीने सकाळी निघून दुपारपर्यंत पोचावं एवढंच दूर. पण एवढ्या वर्षांत ना ती आली, ना मामाजी गेले. ती मनाने बापावरच गेलेली. बाप बोलावल्याशिवाय पाऊल टाकणार नाही म्हणायची.

त्या वर्षी भाद्रपदात महालक्ष्म्यांची तयारी चालली होती. आमच्याकडे ज्येष्ठा-कनिष्ठा दोघी उभ्या करतात. माहेरवाशिणी त्या, येतात, पुरणावरणाचं जेवतात, तिसऱ्या दिवशी जातात. त्यांचा साज अर्थातच मामाजींकडे. महिनाभर ओसरीत पाय ठेवायला जागा नव्हती. मी एकीकडे सोळा भाज्यांची जमवाजमव करत होते, दुसरीकडे चिकटलेल्या फरशा खरवडत होते, आणि डोकं नुसतं भणभणलं होतं. तेवढ्यात मामाजींनी शेवटची वस्तू माझ्यापुढे ठेवली. पाटल्यांची जोडी. पुठ्ठ्याचे थरावर थर, वर सोनेरी कागद, बारीक नक्षी. खोटं कशाला बोलू, फार सुरेख होत्या.

"महालक्ष्मीच्या हातात घालजो."

मी पाहतच राहिले. आमच्या महालक्ष्म्या म्हणजे लोखंडी कोठी, वर पितळी मुखवटा आणि कोठीला गुंडाळलेलं लुगडं. पिढ्यानपिढ्या तशाच. हा माणूस जन्मभर त्यांच्यापुढे हात जोडत आलेला.

"मामाजी, आपल्या महालक्ष्मीला हात कुठे आहेत?"

मामाजींनी मिशीवरून हात फिरवला. मग एकदम ओरडले, "नाई त नाई! ठेव तिकडं!" आणि चपला न घालताच अंगणात निघून गेले.

मी ती पाटली माझ्या हातात चढवून पाहिली. अंगठ्यापाशीच अडली. शोभा घर सोडून गेली तेव्हा होती तशा, कॉलेजात जाणाऱ्या बारीक पोरीच्या मापाची होती ती. तेव्हा माझ्या लक्षात आलं, आणि सांगते, मला आधी रडू नाही आलं, संताप आला. माणसाने इतकं हट्टी असावं? माझी नेलपॉलिश जप्त करता येते, सहावीचा भूगोल जप्त करता येतो, आणि स्वतःच्या लेकीला 'ये' म्हणता येत नाही?

मी आत जाऊन यांच्या तोंडापुढचा पेपर ओढला. "उद्याच्या गाडीने पुलगावला जा आणि शोभाला घेऊन या. म्हणावं, बाबांनी बोलावलं."

"बाबांनी बोलावलं?" यांचा आ वासलेला.

"हो. मी ऐकलंय."

जेवणाच्या दिवशी शोभा आली. दोन लेकरं सासूजवळ ठेवून, संध्याकाळच्या गाडीने परत जायचं ठरवूनच. आता चांगली भरली होती अंगाने. उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि पुढे येईना. मामाजी चटईवर कात्री हातात धरून तसेच बसलेले. आमचे हे छताकडे पाहत होते. पुरण थंड होत होतं. शेवटी मीच पाटल्या उचलून मामाजींच्या पुढ्यात ठेवल्या.

"तुमच्या पाटल्यांसाठी हात आणलेत. घाला आता."

मामाजी उठले. शोभाचा हात धरला आणि पाटली घालू लागले. ती बोटांच्या पेरांवरच अडकली. त्यांनी आणखी जोर लावला. पुठ्ठा चुरगळला, सोनेरी कागद फाटला. ते त्या फाटक्या पाटलीकडे बघत राहिले.

"लहानच राह्यली होती तू माह्या डोक्यात," ते म्हणाले. "चुकलं माह्यं, शोभे. लय चुकलं."

शोभा त्यांच्या छातीवर डोकं टेकून हमसून हमसून रडली. मीही रडले. तोवर कढी उतू गेली, ती वेगळीच.

जेवणं झाली तशी मामाजींनी कागदाची पट्टी तिच्या मनगटाभोवती फिरवून नवं माप घेतलं आणि कामाला लागले. उन्हं कलली. शोभा पिशवी घेऊन ओसरीत आली.

"बाबा, गाडीची येळ झाली."

"पाटली वली हाय," मामाजी मान वर न करता म्हणाले. "खळ सुकाले दोन-तीन दिवस लागते. वली घालून कसी जाशीन? सुकली का जाजो."

शोभाने माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं ती खळ फरशीवरून खरवडणारी मी. चुलीजवळ ठेवली तर तासाभरात खडखडीत वाळते, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? मी पाटली उचलली, स्वयंपाकघरात नेली आणि चूल ओलांडून पार मागे, पाण्याच्या माठाखालच्या ओलाव्यात ठेवून दिली.