आखूड दांड्याची मोटर

"त्या बोटीत मी पुन्हा पाय ठेवणार नाही," असं म्हणून टेलरमास्तरांच्या बायकोने दातांनी दोरा तोडला. "एका मोटरच्या भरवशावर तर नाहीच नाही."

मास्तरांची कात्री कापडात थांबली. गेले दोन महिने हे वाक्य ते रोज ऐकत होते, पण त्यात 'एका मोटरच्या' हे शब्द आज पहिल्यांदाच आले होते. गिऱ्हाईक 'नको' म्हणतंय की 'या रंगात नको' म्हणतंय, हे ओळखण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती.

"म्हणजे दोन असल्या तर येशील?"

"दोन असल्या तर बघू."

दोन महिन्यांपूर्वी तळ्याच्या मधोमध बोटीची मोटर बंद पडली होती आणि सवयीने बरोबर आणलेल्या लाकडी मोजपट्टीने वल्हवत मास्तरांनी अडीच तासांत बायकोला काठाला लावलं होतं. याला पराक्रम समजणारा माणूस घरात एकच होता. तेव्हापासून मास्तर दर रविवारी एकटेच तळ्यावर जात, एकटेच डबा खात आणि घरी येऊन इतक्या पडलेल्या चेहऱ्याने "फार मजा आली" म्हणत, की त्यांचा भाबडा मेहुणासुद्धा त्यावर विश्वास ठेवत नसे.

त्याच मेहुण्याला घेऊन मास्तर मोटरच्या दुकानात गेले.

"चार हॉर्सपॉवरची पुरे," मोटरवाला म्हणाला. "मोठी बंद पडली तर हिने घरी आणायचं, शर्यत थोडीच लावायचीय? फक्त दांडा कुठला देऊ ते सांगा, आखूड की लांब? पंखा बोटीच्या बुडाखाली पाण्यात राहिला पाहिजे. मागच्या फळीची उंची किती?"

"सव्वापंधरा इंच." मास्तरांनी वहीसुद्धा उघडली नाही.

"मग आखूड दांडा. तरी मी एकदा येऊन मोजू का?"

मेहुण्याने डोळे मिटून घेतले.

"मोजायचं काम माझं आहे," मास्तर थंडपणे म्हणाले. "मी तुमची मोटर उघडून बघितली का?"

मोटरवाल्याने निमूटपणे आखूड दांड्याची मोटर खोक्यात भरली.

शनिवारी तळ्याकाठच्या आवारात ती बसवली. बोट लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली होती. मागच्या फळीला मधोमध खोल खाच होती आणि तिच्यात मोठी मोटर ठाण मांडून बसली होती. धाकटीला उरला उजवा कोपरा. मास्तरांनी तिथे ती अडकवली, दोन्ही स्क्रू आवळले, वर दोर बांधला आणि ट्रायलला आलेल्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं चार पावलं मागे जाऊन पाहिलं.

"कशी बसलीय?"

"फिट्ट!" मेहुणा म्हणाला. मास्तरांनी शिवलेलं काहीही त्याला आजवर फिट्टच बसत आलं होतं.

रविवारी बायको धक्क्यापर्यंत आली, पण अट घालून. आधी प्रयोग दाखवा, मग मी बसते. मेहुणा-भावोजी तळ्याच्या मध्यावर गेले. मास्तरांनी मोठी मोटर बंद केली, धक्क्याच्या दिशेने हात हलवला आणि धाकटीची दोरी ओढली. दुसऱ्याच झटक्याला ती सुरू झाली आणि किंचाळायला लागली. पाण्याचा फवारा मेहुण्याच्या छातीपर्यंत उडाला. बोट होती तिथेच.

"भावोजी, आवाज दमदार आहे!"

"आवाज कोणी विचारलाय? बोट का जात नाही ते बघ!"

मेहुणा वाकला. "पंखा अर्धा हवेत आहे."

मास्तरांनी घाईघाईने ती बंद केली आणि मोठी सुरू करायला गेले. मोठीने हूं की चूं केलं नाही. धक्क्यावर बायको बाकावरून उठून उभी राहिली. सगळं ठरल्याप्रमाणेच चाललंय असं भासवायला मास्तरांनी पुन्हा हात हलवला.

आता उपाय एकच, कोपरा खाली दाबायचा. मास्तरांनी स्वतः तिथे बसून पाहिलं. पण कपड्यांसकट पन्नास किलोंचा माणूस, बोटीने दखलच घेतली नाही. मग मेहुणा बसला. कोपरा खाली गेला, पंख्याने पाणी धरलं, बोट निघाली. फक्त हँडल मोटरलाच असल्यामुळे जो तिथे बसेल त्यालाच ते धरणं भाग होतं, आणि मेहुण्याने आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नव्हती.

"जायचंय त्याच्या उलट ढकल!"

"उलट म्हणजे कुठे, भावोजी?"

"मी सांगतोय त्याच्या उलट! नाही, नाही, मी सांगतोय तसंच!"

बोटीने तीन चकरा मारल्या. चौथीत वाटेत धक्का आला म्हणून ती थांबली. मेहुण्याने धक्क्यावर उडी मारली. "ताई, मी चालत घरी जातो."

बोट पलीकडच्या आवारात पोचवायची होती आणि आवाराचं फाटक पाचला बंद होई. बायकोने वाकून बोटीच्या मागच्या बाजूला एकदाच नजर टाकली.

"माप कुठे घेतलंत?"

"मधे. खाचेत."

"आणि बसवलीत?"

मास्तर आपल्या चपलांकडे बघू लागले. "कोपऱ्यात."

"चाळीस वर्षं शिवताय! गळ्याचं माप घेतलंत आणि खांद्यावर चढवलंत."

संपलं, मास्तरांना वाटलं. आता दहा मोटरी लावल्या तरी ही यायची नाही. इतक्यात पिशवी बोटीत पडली.

"सरका."

"कुठे?"

"पुढे. तो कोपरा मला लागेल. बोट काय इथेच ठेवायचीय?"

तिने लाइफ जॅकेटचे पट्टे आवळले आणि कोपऱ्यात बसली. कोपरा हवा तेवढाच दबला, बोटभर जास्त नाही की कमी नाही. एक हात हँडलवर आणि नजर पुढे. सुईखालून कापड सारायची सवय असलेला तो हात, मागे पाण्यावर सरळ शिवण पडत गेली.

"अगं, आवार डावीकडे राहिलं."

"दिसतंय मला. पाचला अजून वेळ आहे. गप्प बसा आणि डबा उघडा."

गप्प बसा म्हटल्यावर इतका आनंद मास्तरांना कधी झाला नव्हता.

सोमवारी त्यांनी मोटरवाल्याला फोन करून चूक कबूल केली. तो भला माणूस; म्हणाला, लांब दांड्याची एकच शिल्लक आहे, शुक्रवारी या, बदलून देतो, मग कोपऱ्यात कोणी बसायची गरज नाही. हे शेवटचं वाक्य मास्तरांच्या डोक्यात तीन दिवस घोळत राहिलं. गुरुवारी दोऱ्याची रिळं आणायच्या निमित्ताने ते घरातून निघाले आणि मोटरच्या दुकानात शिरले.

"ते बदलायचं राहू दे," ते म्हणाले. "म्हणजे... आखूडच जास्त शोभते."

"बरं झालं," मोटरवाला म्हणाला. "लांब दांड्याची मी कालच दुसऱ्याला दिली."

"माझ्यासाठी ठेवलेली?"

"वहिनी येऊन गेल्या काल. म्हणाल्या, मास्तर आले तर सांगा, संपली."

मास्तर घरी आले तेव्हा बायको काजं करत होती.

"अगं, लांब दांड्याची मोटर संपली म्हणे."

"अरेरे!" ती मान वर न करता म्हणाली, आणि इतकी मनापासून हळहळली, की मास्तरांना शेजारी बसून तिची समजूत काढावी लागली.