मेहुण्याला काढायची तालीम

"नोकरीवरून माणूस काढायला अक्कल लागते, आरडाओरडा नव्हे!" हे वाक्य वकीलसाहेब इतक्या वेळा बोलले होते, की आता त्यांचं त्यांनाच ऐकून जांभई यायची. मालकमंडळींना कामगारांचे तंटे निस्तरून द्यायचे, हा त्यांचा धंदा. दुसऱ्यांची माणसं काढून काढून साहेब पार शिणले होते. त्यात हल्ली कामंही आटलेली. कचेरीचा गाडा एकट्या बेकरीवाल्याच्या जिवावर चालला होता. हे गिऱ्हाईक गेलं, की दाराला कुलूप!

बेकरीवाल्याला काढायचा होता सख्खा मेहुणा. भट्टीवर देखरेखीला ठेवलेला हा गडी भट्टीच्याच उबेला घोरायचा आणि पावांचा कोळसा व्हायचा. कायद्याप्रमाणे समज देऊन झाली होती. उरलं होतं फक्त तोंडावर सांगणं.

"तेवढंच जमत नाही हो!" बेकरीवाला रडकुंडीला आला. "मागे काढायला गेलो, तर पगार वाढवून आलो!"

"तालीम करू," साहेबांनी उसासा टाकला. "मी मेहुणा, काढा मला. आधी बाजू ऐकायची, मग कारण सांगायचं, शेवटी हात मिळवायचा."

साहेब खुर्चीत अंग टाकून बसले. चेहऱ्यावरचा शिणवटा खराच होता, सोंग आणावंच लागलं नाही! "भावोजी, थकलोय हो मी. बसल्या जागी डोळा लागतो. घरी बायकोला काय सांगू?"

बेकरीवाल्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "राहू दे रे बाबा, झोप तू!"

"अहो, काढायचंय मला!" साहेब खेकसले. "आणि अरे-तुरे करू नका, त्यानेच विरघळता. सरळ अहो-जाहो करा. चला, पुन्हा!"

चहा गार झाला. साहेबांचा घसा बसला. आणि एकदाचा बेकरीवाल्याला कंठ फुटला! डोळ्याला डोळा भिडवून तो शांतपणे म्हणाला, "तुमचं सगळं ऐकून घेतलं. पण तुमच्या पायी माझा धंदा बुडतोय. उद्यापासून तुमची गरज नाही!"

'शाब्बास' म्हणायला साहेबांनी तोंड उघडलं, तोच दार उघडलं आणि खुद्द मेहुणाच आत आला! बेकरीवाल्याला गाडी चालवता येत नव्हती. हाच त्याला घेऊन आला होता आणि इतका वेळ खाली गाडीत झोपला होता.

"वकिलाला काढलंत, भावोजी? झकास! ताईला मी कधीचा सांगतोय, हा माणूस काही कामाचा नाही!"

बेकरीवाल्याने साहेबांकडे पाहिलं. मेहुण्याकडे पाहिलं. कपाळावरचा घाम पुसला.

"हो," तो म्हणाला. "काढलं."

आणि शिकवल्याप्रमाणे त्याने साहेबांशी हात मिळवला.

दोघं जिना उतरतात न उतरतात, तोच साहेबांना घरून बायकोचा फोन. "काय हो, जमलं का एकदाचं त्यांना माणूस काढायला?"

"जमलं की," साहेब खुर्चीत कलंडत म्हणाले. "अगदी नियमाला धरून! कुठे बोट ठेवायला जागा नाही."