लवटेकाकांच्या भट्टीची राखण

प्रिय अनय आणि सई,

मागच्या रविवारी तुम्ही बार्बेक्यूच्या कोळशाच्या पिशवीचा फोटो पाठवलात आणि विचारलंत, "आजी, ते कोळसेवाले काका अजून आहेत का?" आहेत. मी फोटो त्यांना दाखवलासुद्धा. पिशवीवर हिरवं पान होतं आणि हा कोळसा झाडं जपून केलेला आहे, असं इंग्रजीत छापलं होतं. मी त्यांना मराठीत अर्थ सांगितला. त्यांनी फोन लांब धरला, मग जवळ आणला आणि म्हणाले, "ते समदं ठीक हाय, बाई. पर खोड राखलं व्हतं का, तेवढं इचारा पोरांस्नी."

तुम्हाला याचं उत्तर देता येणार नाही हे मला ठाऊक आहे. पण हा प्रश्न येतो कुठून, ते लिहून ठेवावं असं वाटलं. तुमचं फोनवरचं मराठी हल्ली तुटक व्हायला लागलंय आणि लवटेकाका काही तुटक मराठीत सांगण्यासारखा माणूस नाही. म्हणून हे सविस्तर.

लवटेकाका कुठल्याही समारंभाला कोळसा घेऊन जातात. बारसं असो, वास्तुशांत असो, आमच्या बी विंगमधल्या मुलीचा साखरपुडा असो, वर्तमानपत्रात बांधलेला अर्धा किलो कोळसा, वर लाल दोरा. यजमान गोंधळले की म्हणतात, "फ्रिजात ठेवा, वास जातो. न्हाईतर वांगं भाजा. पर आधी ऐका." मग पुडी सोडून दोन तुकडे काढतात आणि यजमानांच्या कानाशी एकमेकांवर वाजवतात. पक्का कोळसा काचेच्या बांगड्यांसारखा किणकिणतो. कच्चा नुसता थडथडतो. साखरपुड्यात नवऱ्या मुलाच्या कानाशीही त्यांनी तो वाजवला. मुलगा अमेरिकेतून आलेला. त्याला वाटलं, हा आपल्याकडचा विधीच आहे. त्यानं वाकून नमस्कार केला.

काका आमच्या वर, सातव्या मजल्यावर राहतात. फ्लॅट मुलाचा आहे. मुलगा बेंगळुरूला असतो. काका वनखात्यातून वनपाल म्हणून निवृत्त झाले. जंगल म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे वाघ येईल. काकांच्या वाट्याला वाघ आला नाही. त्यांची सगळी नोकरी सांगोल्याकडच्या माळरानांवर गेली. तिथं गवत, लांडगे, मेंढरं आणि वेडी बाभूळ. ही बाभूळ कोणी लावत नाही, पण दोन वर्षं शेत पडीक राहिलं की तीच मालक होते. दिवाळी झाली की कोकणातल्या डोंगरांतून कातकरी कुटुंबं तिथं उतरायची, पोरंबाळं आणि कोंबड्या घेऊन. बाभूळ तोडायची, लाकडं रचायची, वर पाला आणि माती लिंपायची आणि आत मंद जाळून कोळसा पाडायचा. पाऊस तोंडावर आला की परत.

"तोडायला माजी ना नव्हती," काका सांगतात. "पर तिरका घाव, वीतभर खोड राखायचं. औंदा माळाची ही बाजू, फुडल्या साली ती. खोड राखलं की फुटवा येतो. फुटवा आला की माणसं परत येत्यात."

एका माळाच्या मालकानं त्यांचं ऐकलं नाही. जेसीबी लावून मुळासकट सगळं उपटलं. दिवाळीनंतर कुटुंबं नेहमीप्रमाणे आली, रिकाम्या माळावर एक रात्र राहिली आणि सकाळी कोंबड्या उचलून पुढे निघाली. कुठं गेली, ते काकांना कधी कळलं नाही. ही गोष्ट सांगून झाली की ते थोडा वेळ चष्मा पुसतात आणि मग समोरच्याला विचारतात, "खोड राखलं का?" हा प्रश्न ते भाजीवाल्याला मेथीबद्दल विचारतात, न्हाव्याला केसांबद्दल विचारतात. मी कॉलेजातून निवृत्त झाले तेव्हा मलाही विचारला होता.

माणसांनाही ते लाकडाच्या हिशेबानं ओळखतात. सोसायटीचे सेक्रेटरी सुनील भोईर म्हणजे सुबाभूळ. "चटकन पेटतो, पर निखारा धरत न्हाई." मी चिंच. "पेटायला येळ. एकदा पेटली की मग कुनाचं ऐकत न्हाई." तुमच्या आजोबांना हे इतकं पटलं की त्यांनी काकांना त्या दिवशी जेवूनच जायला लावलं.

"आणि तुम्ही कोण?" मी विचारलं होतं.

"येडी बाभळ," काका म्हणाले. "कुनी लावली न्हाई."

आता भट्टीबद्दल. मे महिन्यात सोसायटीतली झाडं छाटतात आणि फांद्यांचा ढीग ट्रकमधून कचऱ्यात जातो. काकांना हे बघवेना. त्यांनी भंगारवाल्याकडून डांबराचा रिकामा ड्रम आणला, घासून, तापवून साफ केला, बुडाला भोकं पाडली आणि पंपरूमच्या मागे, भिंतीकडे विटांवर उभा केला. छाटलेल्या फांद्या हिवाळ्यापर्यंत तिथंच वाळत ठेवायच्या आणि मग शनिवारी सकाळी भट्टी लावायची. तयार झालेला कोळसा गेटजवळ इस्त्री करणाऱ्या कमलला. तिची इस्त्री अजून कोळशाचीच आहे. बदल्यात ती काकांना इस्त्रीतली राख देते, काका ती झाडांना घालतात. समारंभाच्या पुड्या उरलेल्या कोळशातून.

धूर बोलतो, असं काका म्हणतात. आधी पांढरा, म्हणजे लाकडातलं पाणी. मग पिवळट. शेवटी पातळ निळा झाला की आत कोळसा तयार. त्या क्षणी झाकण लावायचं आणि बुडाच्या भोकांसकट सगळ्या फटी मातीनं लिंपायच्या. हे दुपारी जेवणाच्या सुमारास होतं. त्यानंतर राखण. भट्टी एकटी सोडायची नाही, हा माळावरचा रिवाज. माती तडकली, आत वारा शिरला, तर कोळशाची राख होते. म्हणून दिवेलागणीपर्यंत पाळीपाळीनं कोणी ना कोणी ड्रमजवळच्या बाकावर बसायचं. मोबाईल चालत नाही, "ध्यान उडतं". काका किटलीभर चहा आणि भाजलेल्या शेंगा आणतात. माझी पाळी पाच ते सहा. कमल तिचं काम आटपून येते. बी विंगमधले एक गृहस्थ बायकोशी भांडण झालं की पाळी नसतानाही येतात. मातीला तडा गेला का, ते प्रत्येक जण बसल्याबसल्या बघतो आणि मग गप्पा चालू होतात.

मागच्या वर्षी गडबड झाली. कंपाऊंडात एका लग्नाची हळद होती आणि भोईरांना छाटलेला गुलमोहर दोन दिवसांत नजरेआड हवा होता. काका आधी नाही म्हणाले, मग भिडेखातर ओल्या फांद्याच ड्रममध्ये भरल्या. असा पांढरा धूर निघाला की पाचव्या मजल्याला चौथा मजला दिसेना. कोणीतरी फोन केला. घंटा वाजवत बंब आला.

"आग कुठे आहे?" जवानांनी विचारलं.

"आग न्हाई," काका शांतपणे म्हणाले. "आग दिसली असती तर माजी भट्टी फसली असती."

त्यांनी जवानांना चहा दिला. एकाच्या कानाशी कोळसा वाजवायला गेले, तेवढ्यात भोईरांनी त्यांचा हात धरला.

भोईर मूळचे घणसोली गावातले. एरवी तुमच्या-आमच्यासारखंच बोलतात, चिडले की गावच्या बोलीवर येतात. "काका, तुमी आमाला टेन्शन देता. कोलशाची भट्टी सोसायटीन? अवं, आमच्या गावान पन असला कोन करीत नाय. रविवारी मीटिंग हाय. ड्रम भंगारात."

त्या शनिवारी काकांनी भट्टी लावली नाही. किटली घेऊन नुसतेच बाकावर बसले होते. कमल म्हणाली, "गेटवरून बघितलं, तर काका एकटेच शेंगा सोलत होते. खात नव्हते."

मला राहवेना. चिंच ना मी. मीटिंगमध्ये बाजू नीट मांडायची म्हणून मी ड्रमच्या भट्टीबद्दल वाचून काढलं, अनय, तू पाठवलेला व्हिडिओही पाहिला. सगळीकडे एकच सांगितलं होतं. मातीच्या भट्टीचं वेगळं. लोखंडी ड्रमचं झाकण एकदा नीट लिंपलं, की आतली आग आपोआप विझते. मग तिथं कोणी बसायची गरज नाही. मला आनंद झाला. धूर जेमतेम सकाळभर, नंतर काहीच नाही, हा किती सरळ मुद्दा होता. मी तडक सातव्या मजल्यावर गेले आणि काकांना म्हटलं, "अहो, राखण लागतच नाही. झाकण लावलं की काम संपलं. मीटिंगमध्ये हेच सांगू."

काका दार धरून उभे होते. मागे हॉलमध्ये एकच खुर्ची होती, टीव्हीकडे तोंड केलेली. बाकीच्या खुर्च्या भिंतीला लावून एकावर एक रचून ठेवल्या होत्या.

"ठावं हाय," ते म्हणाले. "ड्रमाला न्हाई लागत."

"मग इतकी वर्षं आम्ही..."

"चहा टाकू का, बाई?" त्यांनी विचारलं आणि रचलेल्यांतली एक खुर्ची काढायला गेले. ती वरच्या खुर्चीत अडकली होती. बरीच हलवावी लागली.

मी चहा घेतला. राखणीचा विषय पुन्हा काढला नाही.

मीटिंगमध्ये मी वाळलेल्या लाकडाबद्दल बोलले, कमलच्या कोळशाबद्दल बोलले, ओला गुलमोहर कोणाच्या घाईनं भरला गेला तेही बोलले. भोईर पेटले, पण काकांनी म्हटल्याप्रमाणे निखारा काही धरला नाही. शेवटी म्हणाले, "बरं, ठेवा ड्रम. पण अटी माझ्या. ओलं लाकूड बंद. आणि ती भट्टी एकटी सोडायची नाय. झाकण लावल्यावरपण संध्याकाळपर्यंत दोन तरी मेंबर तिथं बसलेच पाहिजेत. एकटे काका चालणार नाय. सेफ्टी म्हंजे सेफ्टी."

मी काकांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते.

"काकू, तुम्ही सगळं वाचून आलात," भोईर मला म्हणाले. "बसायची गरज आहे ना?"

"आहे," मी म्हटलं आणि हात वर केला. ठराव एकमतानं पास झाला.

पहिल्या शनिवारी भोईर स्वतःच अट पाळली जाते का ते बघायला आले. मूठभर शेंगा घेतल्या, बसले आणि त्यांच्या वडिलांच्या मिठागराची गोष्ट सांगायला लागले. दिवे लागले तरी उठले नाहीत. काका माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "धरतोय की निखारा."

तर बाळांनो, ड्रम एका बाजूनं गंजलाय, पण झाकण अजून घट्ट बसतं. भिंतीकडच्या छाटलेल्या सुबाभळीला माझ्या उंचीचे फुटवे आहेत. आणि शनिवारी दुपारी पंपरूममागच्या बाकावर जागा मिळत नाही, म्हणून काकांनी वरून दोन खुर्च्या खाली आणल्या आहेत. त्या आता तिथंच असतात.