एका घराण्याची बॅटरी

"वडिलांना घरी सोडायला हरकत नाही," डॉक्टर म्हणाले, "पण बाथरूममध्ये कमोडशेजारी भिंतीला पक्कं हँडल बसवून घ्या. खुब्याचं हाड एकदा जोडलंय. पुन्हा पडले, तर मात्र कठीण आहे. बारा दिवसांनी सोडू, तेवढा वेळ आहे तुमच्याकडे."

हँडल त्याच संध्याकाळी घरात आलं. सूनबाईने येताना वाटेतच घेतलं. स्टीलचं, हातभर लांब, चार स्क्रूंचं.

"चार भोकं पाडायची आणि आवळायचं," ती म्हणाली. "कोपऱ्यावरच्या प्लंबरला निरोप देऊ का? अर्ध्या तासाचं काम आहे."

"प्लंबर नको," तिचा नवरा म्हणाला. "हे हँडल मी लावणार."

सूनबाईने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, आणि तेवढ्या काळात नवऱ्याने भिंतीत दोन खिळे ठोकले होते. एकावरचं कॅलेंडर मान वाकडी करून महिने दाखवत असे. दुसऱ्यावर काही टांगायची कोणाची हिंमत झाली नव्हती. तो छापखान्यात मुद्रितशोधक होता. लोकांच्या चुका शोधण्यात त्याची हयात गेली होती, आणि स्वतःच्या हातून चूक होईल या भीतीने तो सहसा कशाला हात लावत नसे.

त्याचे वडील नेमके उलट. चौतीस वर्षं कारखान्यात काढलेली. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी सगळे त्यांना फोरमनच म्हणत. निरोपसमारंभात त्यांनी आपली हत्यारांची पेटी कारखान्यालाच देऊन टाकली होती. "घरी नेऊन करू काय? आमच्या चिरंजिवांच्या हातून खिळा सरळ जायचा नाही," असं ते भर सभेत म्हणाले आणि सगळे हसले. चिरंजीवही हसले. पण ते हसू त्यांच्या घशात जे अडकलं, ते अजून खाली उतरलं नव्हतं. सूनबाईला हे ठाऊक होतं, म्हणून तिने प्लंबरचं नाव पुन्हा काढलं नाही.

शेजाऱ्यांकडे ड्रिल मशीन होतं. पण ते मागायची सोय नव्हती. फोरमनचा घरात एक कडक नियम होता: हत्यार मागून आणायचं नाही. "दुसऱ्याच्या हत्याराला दुसऱ्याच्या हाताची सवय असते," ते म्हणत. तेव्हा मशीन विकतच घ्यायचं ठरलं. बाथरूममध्ये प्लग नव्हता, आणि ओल्या फरशीवरून वायर न्यायला सूनबाईचा सक्त विरोध होता, म्हणून बॅटरीवरचं घ्यायचं ठरलं. इथवर सगळं सुतासारखं सरळ चाललं होतं.

गाडं अडलं ते दुकानात.

"कुठल्या कंपनीचं देऊ?" दुकानदाराने विचारलं. फळीवर मशिनं रंगारंगाने मांडलेली होती. निळी, पिवळी, हिरवी.

"चांगल्या."

"चांगल्या सगळ्याच आहेत, साहेब. प्रश्न बॅटरीचा आहे. ही सोयरीक असते. एकदा निळ्या घराण्यात पडलात की पुढे करवत घ्या, पॉलिशचं मशीन घ्या, सगळं निळंच. निळ्याची बॅटरी पिवळ्याला बसत नाही, पिवळ्याची हिरव्याला बसत नाही. वर पुन्हा बारा व्होल्ट आणि अठरा व्होल्ट वेगळे. म्हणून म्हणतो, घराणं बघून घ्या."

मुद्रितशोधकाच्या अंगावर काटा आला. आपण ड्रिल घ्यायला आलो नसून आयुष्यभराचा निर्णय घ्यायला आलो आहोत, हे त्याला तिथे प्रथम कळलं. तो तीन माहितीपत्रकं घेऊन रिकाम्या हाताने घरी आला आणि त्याने एक तक्ता आखला.

रोजच्या नेमाला खंड पडू नये, तसा तो रोज ऑफिसातून आल्यावर हातपाय धुऊन त्या तक्त्यापुढे बसे. वजन, ताकद, चार्जिंगचा वेळ, किंमत. चौथ्या दिवशी त्यात 'पुढील वीस वर्षांत लागू शकणारी यंत्रं' असा एक रकाना वाढला.

"गवत कापायचं मशीन?" सूनबाईने खांद्यावरून वाचलं. "अहो, आपण तिसऱ्या मजल्यावर राहतो."

"आज राहतो."

"आणि हे झाडाच्या फांद्या छाटायचं?"

"गॅलरीत कुंड्या आहेत की."

"तीन आहेत. त्यातल्या एकीत पळी खोचून ठेवलीय मी, माती उकरायला." ती जरा थांबून म्हणाली, "मला बघायला आला होतात, तेव्हा तुम्ही फक्त शिक्षण विचारलं होतंत."

"तेव्हा मला सोयरीक म्हणजे काय, ते माहीत नव्हतं," तो मनापासून म्हणाला. तिने एकदा त्याच्याकडे नीट बघितलं आणि पोळपाट घ्यायला आत गेली.

संध्याकाळी तो हॉस्पिटलात जाई. पूर्वी बापलेकांचं बोलणं आईमार्फत चाले. ती गेल्यावर ते खातं सुनेकडे आलं होतं. पण आता बोलायला विषय मिळाला होता. तो पलंगाशेजारी स्टुलावर बसून घराण्यांची माहिती सांगे आणि फोरमन छताकडे बघत ऐकत.

"म्हणजे बाबा, एकदा एका घराण्याची बॅटरी घेतली की दुसऱ्याची बसतच नाही. म्हणून घाई करून चालत नाही."

"किती भोकं आहेत?"

"चार."

"एवढ्यात आम्ही अख्खं शेड उभं करायचो," फोरमन म्हणाले आणि कूस बदलता येत नव्हती, म्हणून नुसते डोळे मिटून घेतले.

नवव्या दिवशी निकाल लागला. हिरव्या घराण्याचं एक मॉडेल वजनात सगळ्यांहून हलकं आणि किमतीत सगळ्यांहून स्वस्त निघालं. इतकं हलकं, की बाकीच्यांच्या जवळजवळ दोन तृतीयांश. मुद्रितशोधकाने बेरजा दोनदा तपासल्या आणि खोकं घरी आणलं. टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्याने ते उघडलं. आत मशीन होतं. पुस्तिका होती. बॅटरी नव्हती, चार्जरही नव्हता.

खोक्याच्या तळाशी बारीक अक्षरांत 'फक्त मशीन' असं छापलेलं होतं. माहितीपत्रकातही होतं. ती ओळ किंचित तिरकी छापली गेली आहे, हे त्याने त्याच दिवशी पेन्सिलीने खूण करून ठेवलं होतं. ती काय म्हणते, इकडे मात्र लक्ष गेलं नव्हतं. मशीन हलकं होतं, कारण त्यात बॅटरी नव्हती. स्वस्त होतं, तेही त्याचमुळे.

"तरीच," सूनबाई एवढंच म्हणाली. याहून जास्त बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

दुकानदाराकडे हिरवी बॅटरी शिल्लक नव्हती. "मागवतो. आठवडा धरा. तोवर घराणं तर पक्कं झालं!" तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सूनबाईचा भाऊ बातमी ऐकून धावत आला. मदतीला धावून येणं हा त्याचा स्वभावच होता, आणि त्याने केलेली मदत नंतर निस्तरणं हा त्याच्या बहिणीचा. "भाऊजी, बॅटरीसाठी एवढं काय? घ्या!" म्हणत त्याने कोरी करकरीत बॅटरी टेबलावर ठेवली. निळी.

"निळी बसत नाही हिरव्याला," मुद्रितशोधक म्हणाला.

"कोण म्हणतं? बघू." मेव्हण्याने ती लावून पाहिली, उलटी लावून पाहिली, मग तळहाताने थोपटून पाहिली. "एवढासा खटका आडवा येतोय. कानशीने घासला की झालं. ताई, कानस आहे का?"

"नाही," ताई म्हणाली. कानस होती. तिच्या पदराखालीच होती. भावाचा आवाज जिन्यात ऐकू आला, तेव्हाच तिने ती उचलली होती.

तेवढ्यात फोन वाजला. हॉस्पिटलात पलंग कमी पडत होते. पेशंट ठीक आहे, उद्या सकाळीच घरी न्या, असा निरोप होता.

फोरमन वॉकर टेकत घरी आले, तेव्हा हँडल अजून प्लास्टिकच्या पिशवीत होतं आणि हिरवं मशीन टेबलावर उगाच रुबाबात पडलं होतं. त्यांनी ते उचलून बघितलं. "हलकं आहे," ते म्हणाले.

"प्लंबरला बोलवू आता," मुद्रितशोधक खाली मान घालून म्हणाला. "उगाच धोका नको."

"नको," फोरमन म्हणाले. "लावणार म्हणालास ना? मग लाव. तोवर तू ये."

मुद्रितशोधकाने आठवड्याची रजा टाकली आणि तो हँडल झाला. वडिलांनी हाक मारली की कमोडशेजारी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, कोपरात हात वाकवून पुढे धरायचा आणि तोंड बाजूच्या भिंतीकडे वळवायचं. पहिल्या दिवशी दोघांनाही मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी फोरमनचा हात त्याच्या हातावर चाचपडत आला, थांबला, आणि ते म्हणाले, "जरा खाली घे. हां. इथे."

तिसऱ्या दिवशी भिंतीकडे बघत उभं राहिल्या राहिल्या मुलाने विचारलं, "बाबा, टाइलवरून ड्रिलचं बिट घसरतं म्हणतात. खरं का?"

"घसरणारच. टाइल गुळगुळीत असते. आधी चिकटपट्टी लाव. पट्टीवर खूण कर. हळू सुरुवात कर, आणि ते ठोक्याचं बटण असतं ना, ते बंद ठेव. टाइल पार झाली, आत वीट लागली की मग चालू कर. नाहीतर टाइल तडकते."

"कळणार कसं, वीट लागली ते?"

"हाताला कळतं."

"माझ्या हाताला?"

फोरमननी त्याचा हात पुन्हा चाचपून पाहिला. "तुझा हात थरथरत नाही," ते शेवटी म्हणाले. "तीन दिवस धरतोय मी. मला वाटलं होतं, थरथरत असेल."

बाहेर मोलकरणीसारखी बादली घेऊन खोळंबलेली सूनबाई आवाज न करता मागे फिरली. तिने मनातल्या मनात हात जोडले. हे बोलणं तिच्यामार्फत झालं नव्हतं.

पाचव्या दिवसापासून ते दोघे बाथरूममध्ये लागतो त्याहून जास्त वेळ घेऊ लागले. आतून कारखान्याच्या गोष्टी ऐकू येत. एकदा तर दोघं हसतानाही ऐकू आले.

शनिवारी बॅटरी आली. हिरवी, चार्जरसकट. मुद्रितशोधकाने ती चार्जिंगला लावली आणि रविवारी सकाळी चिकटपट्टी, पेन्सिल, स्क्रू, प्लास्टिकचे प्लग असं सगळं ताटात मांडून घेतलं. चार्जरपाशी गेला, तर चार्जर होता आणि बॅटरी गायब होती.

घर पालथं घातलं. मेव्हण्याला फोन केला. तो म्हणाला, "मी नेली नाही, पण आलोच!" त्याला मोठ्या मिनतवारीने थांबवण्यात आलं. मुद्रितशोधकाने कागद घेतला आणि बॅटरी कुठे कुठे असू शकते, याचा तक्ता आखायला घेतला.

"मिळाली नाही तर राहू दे रे," आतून फोरमनचा आवाज आला. "तसं बघितलं तर त्या पिवळ्या घराण्याचा तू नीट विचारच केला नाहीस. घाई करून चालत नाही यात."

सूनबाईच्या हातातला उशीचा अभ्रा तसाच राहिला. 'चार भोकं' म्हणून पंधरवडाभर टोमणे मारणारा माणूस आज घाई करू नको म्हणत होता. ती सासऱ्यांच्या खोलीत गेली. "बाबा, डोकं उचला जरा. अभ्रा बदलते."

"परवाच बदललास."

"रविवारी बदलते मी."

त्यांनी डोकं उचललं. उशी नेहमीपेक्षा जड लागली. तिने आत हात घातला आणि बॅटरी बाहेर काढून मांडीवर ठेवली. दोघंही थोडा वेळ तिच्याकडेच बघत बसले.

"पूर्ण भरलीय," फोरमन म्हणाले. "तिन्ही दिवे बघितले मी."

"आज त्यांची रजा संपते, बाबा."

"ठाऊक आहे."

"मी घरात एकटी. तुमचा तोल गेला तर माझ्याने सावरायचं नाही."

फोरमन खिडकीकडे बघत राहिले. "एक आठवडा बोलला गं तो माझ्याशी," ते हळूच म्हणाले. "हँडल लागलं, की संपलं." मग त्यांनीच बॅटरी उचलून तिच्या हातात दिली. "जा, दे त्याला. आणि ठोक्याचं बटण बंद आहे का, ते बघायला सांग."

"सापडली," सूनबाईने बाहेर येऊन नवऱ्याला सांगितलं.

"कुठे?"

"तक्त्यात नसेल अशा ठिकाणी."

बाथरूमच्या दारात खुर्ची टाकून फोरमन बसले. पहिल्या भोकाला त्यांनी अकरा सूचना दिल्या. दुसऱ्याला चार. तिसऱ्याच्या वेळी मुद्रितशोधक मध्येच थांबला, म्हणाला, "वीट लागली," आणि त्याने स्वतःहून बटण फिरवलं. चौथ्या भोकाला ते काहीच बोलले नाहीत. हँडल आवळून झालं, तेव्हा त्यांनी वॉकर टेकत उठून मुठीने त्यावर तीनदा टोले दिले, एक डोळा मिटून वरून, खालून पाहिलं.

"सरळ आहे," ते म्हणाले.

मुद्रितशोधक उगाचच पुन्हा पुन्हा हात धूत राहिला.

सोमवारी सकाळी तो डबा पिशवीत घालून ऑफिसला निघाला होता. चप्पल पायात सरकवली, तोच आतून हाक आली.

"अरे, ये रे!"

तो बाथरूमच्या दाराशी गेला. फोरमन वॉकर टेकून उभे होते. हँडल भिंतीवर लखलखत होतं. त्यावर त्यांनी आपला टॉवेल नीट घडी घालून वाळत टाकला होता.

"बाबा, हँडल आहे की आता."

"आहे. मजबूत आहे. तू गेल्यावर दिवसभर तेच धरणार आहे." फोरमननी घसा साफ केला. "पण तूच म्हणाला होतास ना? एकदा एका घराण्याची बॅटरी घेतली, की दुसऱ्याची नीट बसत नाही."

मुद्रितशोधकाने पिशवी खाली ठेवली, चप्पल काढली, भिंतीला पाठ लावली आणि हात कोपरात वाकवून पुढे धरला.

"जरा खाली घे," फोरमन म्हणाले. "हां. इथे."